पत्राखालची सही

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्या मित्राबरोबर गेली वीस वर्षं सकाळी फिरायला जातो, त्याला नाही. आईला तर नाहीच — ती गेली तेव्हा तिच्या लेखी मी आमच्या गावातला, बेळगुंदीतला, सगळ्यात हुशार माणूस होतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. लिहायला बसलो, आणि तेही तितकं सोपं नाही हे कळलं.

आधी एक सांगून टाकतो. मला माझ्या कामाचा अभिमान आहे. कबुली द्यायला बसलेल्या माणसानं मान खाली घालावी, अशी रीत आहे. पण मी मान खाली घालून लिहिलं तर ते नाटक होईल. रताळी आणि बटाटे काढणाऱ्या घरातला मी पहिला माणूस, ज्यानं इस्त्रीचा शर्ट घालून बेळगावात नोकरी केली. आज टिळकवाडीत माझं स्वतःचं ऑफिस आहे. निपाणीपासून खानापूरपर्यंतचे दवाखाने, शाळा, दुकानदार माझ्याकडे येतात — लोकांशी कसं बोलायचं ते शिकायला. मी शिकवतो. चांगलं शिकवतो. ते खोटं नाही.

मग खोटं काय आहे?

त्या वेळी मी एका खासगी बस कंपनीत जनसंपर्क अधिकारी होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. ती आता दुसऱ्यांच्या हातात आहे. माझं काम म्हणजे स्कूटर, चामडी बॅग आणि बॅगेत मराठी-कानडी प्रेसनोटा. सगळ्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या मी पालथ्या घातलेल्या. कुठला उपसंपादक बिनसाखरेचा चहा पितो आणि कुणाच्या मुलाला कुठल्या कॉलेजात प्रवेश हवाय, हे मला ठाऊक असायचं. एकदा आमची गाडी संकेश्वरजवळ शेतात घुसली. सुदैवानं कुणाला काही झालं नाही. ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत बसवली, तीही कंपनीचं नाव न येता. त्या दिवशी मालकांनी मला समोर बसवून स्वतः चहा ओतून दिला. मला तेव्हा वाटायचं — या शहरात काय छापून येईल, ते माझ्या हातात आहे. थोडंफार होतंही.

आणखी एक गोष्ट कमावली होती मी. भाषा. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात मी उभा राहून ‘मी काल आलतो, पर सर न्हवते’ म्हणालो आणि अख्खा वर्ग हसला. त्यानंतर मी ‘लई’ टाकलं, ‘न्हाय’ टाकलं, ‘व्हय’ टाकलं. घरी गेलो तरी छापील मराठी बोलायचो. वडील म्हणायचे, पोरगा आकाशवाणी झालाय. मला ते कौतुक वाटायचं.

आता त्या दिवसाकडे येतो. आमची गाडी पुण्याहून बेळगावला येत होती. निपाणीच्या बाहेर हायवेवर चहाला थांबली, आणि एका म्हाताऱ्या प्रवाशाला तिथंच सोडून निघून आली. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक होते ते. कानाला यंत्र लावायचे. क्लीनरला सांगून उतरले होते. क्लीनर विसरला, माणसं कुणी मोजली नाहीत. त्यांचा मोबाइल बॅगेत आणि बॅग गाडीत. इकडे बेळगावच्या स्टँडवर त्यांची मुलगी, मेधाताई, वाट बघत उभी. आमच्या तिथल्या माणसाला तिनं विचारलं, तर तो म्हणाला, येतील की. दोन तासांनी ते दुसऱ्याच कंपनीच्या गाडीनं आले.

पूर्वीचे दिवस असते तर? मेधाताईंनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं असतं, उपसंपादकानं मला फोन केला असता, आणि पत्र कुठंतरी मागं राहून गेलं असतं. पण मेधाताई कॉलेजात शिकवायच्या आणि ब्लॉग लिहायच्या. ब्लॉग हा शब्द मी ऐकून होतो. रिकामटेकड्यांची डायरी, एवढंच माझं मत होतं. त्यांनी त्याच संध्याकाळी लिहिलं. मथळा होता — ‘बॅग आली, वडील आले नाहीत’. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते फेसबुकवर माझ्या भाच्यानं टाकलेलं, माझ्या डॉक्टरनं टाकलेलं, आणि ज्याच्या मुलाच्या प्रवेशासाठी मी खटपट केली होती त्या उपसंपादकानंसुद्धा. मी फोन हातात घेऊन बसलो. कुणाला लावायचा? त्या बाईच लेखक, त्याच संपादक, त्याच छापखाना. आणि वाचणारे तिथंच खाली स्वतःचं लिहीत होते — मलाही असंच सोडलं, माझ्या आईलाही.

मी मला येत होतं तेच केलं. प्रेसनोट लिहिली. ‘संबंधित प्रवाशांनी वेळेच्या सूचनेचे पालन न केल्यामुळे सदर प्रसंग उद्भवला. प्रवाशांची मोजणी करण्यात आली होती. तरीही कंपनी खेद व्यक्त करते.’ मोजणी झाली होती का, हे मी कुणालाही विचारलं नव्हतं. ती नोट कंपनीच्या फेसबुक पानावर टाकली. खाली लोक शिव्या द्यायला लागले तसा एकेक शेरा पुसत गेलो. पुसायच्या आधी लोक त्यांचे फोटो काढून ठेवतात, हेही मला माहीत नव्हतं. दोन दिवसांत आमची थट्टा महाराष्ट्रभर झाली. मालक एवढंच म्हणाले, “नारायण, तू आग विझवतोस का वारा घालतोस?”

तिसऱ्या दिवशी सकाळी शांताक्का माझ्या टेबलाशी आल्या.

शांताक्का बुकिंगच्या फोनवर होत्या. गुंजीच्या. रोज रेल्वेनं यायच्या, डब्यात भाकरी आणि वर्षभर कसलं ना कसलं लोणचं. मराठी, कानडी, हिंदी — समोरचा ज्या भाषेत चिडेल त्या भाषेत त्याला शांत करायच्या. वयानं मला मोठ्या, पण मला अण्णा म्हणायच्या, कारण मी साहेब. त्या दिवशी त्या मास्तरांनी चहाच्या टपरीवरनं तिकिटावरच्या नंबरला फोन केला, तो यांनीच घेतला होता. त्यांना सावलीत बसवणं, टपरीवाल्याला चहा द्यायला सांगणं, दुसऱ्या कंपनीच्या माणसाला गळ घालून त्यांच्यासाठी गाडी थांबवणं — सगळं या बाईनं खुर्चीतून केलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

बुकिंगच्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी लिहून आणलं होतं. म्हणाल्या, “मला त्या फेसबुकातलं काय कळत न्हाय, अण्णा. तुमी त्या ताईस्नी एवढं पाठवा.” मी बरं म्हणून कागद ड्रॉवरमध्ये टाकला. वरवर वाचला होता. सगळं लई आणि न्हाय. मला कॉलेजातलं ते हसणं ऐकू आलं.

दुपारी मालकांनी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. दुसरं काही सुचेना. ड्रॉवर उघडला आणि या वेळी नीट वाचलं. ते असं होतं —

‘ताई, तुमचं वडील मागं ऱ्हायलं ही चूक आमची. माणसं मोजाय पायजे हुती, मोजली न्हाय. वडील चुकलं न्हाईत, ते सांगून उतरलं हुतं. त्यांनी टपरीवरनं फोन केला तवा मी बोललो. आवाज थरथरत हुता, पर पयलं त्यांनी इचारलं, माझी लेक स्टँडवर हुबी आसंल, तिला कोण सांगणार? मी म्हटलो, मी सांगतो. आणि मी सांगितलं न्हाय. दुसरी गाडी हुडकायच्या नादात इसरलो. तुमी दोन तास जिवाला घोर लावून हुब्या ऱ्हायलासा, ते माझ्यामुळं. ह्याची भरपाई काय करू, मला ठावं न्हाय. ह्याच्या पुढं माणसं मोजल्याबिगर गाडी हलायची न्हाय, असं सगळ्या डायवरास्नी सांगितलंय. हलली तर मला फोन करा.’

खाली त्यांचं नाव होतं.

आमच्याकडच्या बायका बोलताना ‘मी आलो, मी गेलो’ असंच म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना ते ऐकून हसू येतं. त्यामुळे मला त्या पत्रात एक काना-मात्रासुद्धा बदलावी लागली नाही. मेधाताईंना पाठवायला जसंच्या तसं टाइप केलं. फक्त खालचं नाव काढलं आणि लिहिलं — नारायण, जनसंपर्क अधिकारी.

हेच ते. एवढं सांगायला मी इतका वेळ घेतला. दुसऱ्याचं लिहिणं चोरणारे पुष्कळ असतात. मी एका बाईची कबुली चोरली. जी चूक तिची होती, जी कुणी तिच्या माथी मारली नव्हती, जी तिनं स्वतःहून पुढं येऊन सांगितली — ती सांगण्याचं धाडससुद्धा मी माझ्या नावावर करून घेतलं.

का केलं? घाई होती, मुदत होती, कंपनीतर्फे अधिकाऱ्याचंच नाव हवं — असं पुष्कळ माझं स्वतःला सांगून झालंय. तुम्हाला सांगत नाही. टाइप करताना ते पत्र माझ्या हातून उतरत होतं आणि ते मला माझं वाटायला लागलं. माझ्याच घरातली भाषा होती ती. मी टाकून दिलेली.

पुढं काय झालं, ते तुम्हीही कदाचित वाचलं असेल. मेधाताईंनी ते पत्र आपल्या ब्लॉगवर टाकलं आणि वर लिहिलं की कंपनीत माणूस राहतो हे आज कळलं. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. ज्या वर्तमानपत्रांत मी चार ओळींसाठी हेलपाटे घालायचो, त्यांनी पत्र आणि माझा फोटो पहिल्या पानावर छापला. बेळगावच्या मराठीत कंपनीनं माफी मागितली, याचंच लोकांना अप्रूप. आईनं ते कात्रण देवघरात ठेवलं. बुकिंगच्या फोनवर लोक नारायण साहेबांना विचारू लागले, आणि शांताक्का सांगायच्या, साहेब बाहेर गेल्यात, मला सांगा. आणि त्यांच्या तक्रारी त्याच सोडवायच्या.

इथंच थांबलं असतं तरी —

नाही, थांबलं नाही. आठवड्यानं मेधाताईंचा मला खासगी संदेश आला. अतिशय सौजन्याचा. आभार मानले होते, आणि शेवटी विचारलं होतं — बाबा म्हणतात, फोनवर एक बाई होती, फार मायेनं बोलली. ती कोण? तिच्याशी त्यांना एकदा बोलायचंय.

मी तो संदेश कितीदा वाचला. शांताक्का माझ्यापासून वीस पावलांवर बसल्या होत्या. काचेतून दिसत होत्या — कानाशी फोन, हातात पेन. मी उत्तर लिहिलं, ‘ताई, फोनवर मीच होतो. काकांना ऐकायला कमी येतं, त्यामुळे त्यांचा घोटाळा झाला असावा.’

त्यांनी लगेच उत्तर पाठवलं. होय हो, हल्ली त्यांचं असंच होतं, मी त्यांना समजावते.

समजावलं असणार. म्हातारा माणूस खरं सांगतोय, आणि त्याची स्वतःची मुलगी त्याला सांगते की तुम्हाला नीट ऐकू आलं नाही. त्यानं काय करावं? मान डोलावली असेल. काही वर्षांनी मेधाताईंनी ब्लॉगवर वडिलांच्या जाण्याबद्दल लिहिलं, ते मी वाचलं. खाली शेकडो लोकांनी दोन शब्द लिहिले होते. मी लिहिले नाहीत. सहीचं एका बैठकीत लिहून झालं होतं, पण हे लिहिताना मघाशी उठून पाणी पिऊन आलो.

शांताक्कांना कळलं का? कळलं. त्यांच्या पुतणीनं मोबाइलवर दाखवलं. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो — का उठलो कोण जाणे. त्या हसत होत्या.

“ते माझंच हाय न्हवं, अण्णा?”

“व्हय,” मी म्हणालो. कित्येक वर्षांनी तो शब्द तोंडातून आला.

“लोकांस्नी लई आवडलं म्हणं. बरं झालं.” आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याच म्हणाल्या, “हापिसातला कागद कुणीबी लिवू दे, सही सायबाचीच असती की.”

त्यांनी मला मोकळं केलं, आणि मी मोकळा झालोही. त्याच महिन्यात मला बढती मिळाली. कॉलेजांतून, व्यापाऱ्यांच्या मंडळांतून बोलावणी यायला लागली. मी सांगायचो — आता वर्तमानपत्राच्या दारातून लोकांपर्यंत जायचे दिवस गेले. लोक तुमच्याशी थेट बोलतायत, तुम्ही माणसासारखं उत्तर द्या. चूक झाली तर तुमच्या घरच्या भाषेत सांगा. शेरे पुसू नका. हे सगळं मी मनापासून सांगायचो, आजही सांगतो. या सीमाभागातल्या कितीतरी दुकानांनी, दवाखान्यांनी छापील भाषा सोडली ती माझं ऐकून. निपाणीच्या एका डॉक्टरांनी रुग्णांची माफी मागणारा व्हिडिओ अस्सल निपाणीच्या बोलीत केला, तो पाहून मला रडू आलं होतं. त्या अभिमानातला एक कणही मी आज परत करत नाही. फक्त हे सगळं मी कुणाकडून शिकलो, हे एकदाही बोललो नाही.

बोलायची वेळ आली होती. मालकांनी बुकिंग ॲपवर न्यायचं ठरवलं, तेव्हा फोनचं टेबल बंद करायचा विषय निघाला. बैठकीत चौघं होतो. मालकांनी मला विचारलं, लोकांशी बोलायची बाजू तू सांभाळतोस, तुला फोनवरच्या माणसाची गरज आहे का? मला एकच वाक्य बोलायचं होतं. ते पत्र त्यांनी लिहिलंय, त्यांना माझ्या शेजारी बसवा. मी म्हणालो, तशी नाही. शांताक्कांनी शेवटच्या दिवशी सगळ्यांना काजू वाटले. मलाही.

त्यानंतर मी कंपनी सोडली, स्वतःचं ऑफिस थाटलं, नाव झालं. एका कॉलेजात आठवड्यातून दोन तास शिकवायलाही जातो.

या पावसाळ्यात तिथली एक विद्यार्थिनी, खानापूरची पूजा, वर्गात म्हणाली, “सर, गुंजीच्या बायकांच्या गटाचं पान बघितलासा का? थितली बाई डिट्टो तुमच्यागत लिहिती.” तिनं वाचून दाखवलं. तळलेले फणसाचे गरे विकायचे होते. ‘ह्या खेपंचं गरं जरा लालच झाल्यात. खायाला कुरकुरीत हाईत, पर रंग बघून भांडू नकासा. ज्यास्नी नकोत त्यांनी आधी सांगा.’ वर्ग खुशीत हसला. कुणी तिच्या बोलीला हसत नव्हतं. मला पहिल्या ओळीतच कळलं होतं, या शांताक्का. आणि सांगू का? छाती फुगली माझी. सत्तरीला आलेली ती बाई, मोबाइल शिकली, पान चालवतेय, हजारो लोक वाचतायत. मी मुलांना म्हणालो, हे लक्षपूर्वक वाचा, हे माझ्यापेक्षा चांगलं आहे. मुलांना तो माझा मोठेपणा वाटला.

पुढच्या आठवड्यात मी नेहमीचा तास घेत होतो. पडद्यावर ते पत्र लावलं होतं. दर वर्षी लावतो. पूजानं हात वर केला. तिनं त्या पानावर विचारलं होतं, आक्का, तुमी असं लिवायला कुठं शिकलासा? आणि उत्तर आलं होतं. तिनं ते मोबाइलवरून वाचलं — ‘मी बेळगावात बस कंपनीत फोनवर हुतो. थितं नारायणअण्णा म्हणून सायेब हुते. माझं एक पत्र त्यांनी पयल्यांदा लोकांस्नी दाखवलं. तवापास्नं लिवायला भ्या वाटत न्हाय. लई मोठं मन त्यांचं.’

वर्ग माझ्याकडे बघत होता.

“सर, कुठलं पत्र?” पूजानं विचारलं.

“असेल कुठलंतरी,” मी म्हणालो. “जुनी गोष्ट आहे, आता आठवत नाही.”

ती माझ्या मागच्या पडद्याकडे बघत राहिली. सावकाश, ओळीवरून ओळीवर तिची नजर उतरत गेली, खालच्या नावापर्यंत. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली.

मला ते पत्र पाठ आहे. त्या दिवशीही होतं.